ताप आणि काळी खपली

मैत्रिणींनो, आम्ही कोपरगावच्या बायका. गोदाकाठी गवत कापतो अन् ताप आला की टायफॉईड समजतो. २०१८ साली नागपूरकडे माणसं दगावली, तो ताप होता स्क्रब टायफस. विडाल तपासणी याच्यासाठी नाही. याचे जंतू जिवंत पेशीतच वाढतात, म्हणून नेहमीच्या रक्त-कल्चरमध्येही सापडत नाहीत. पहिल्या आठवड्यात रक्ताची किंवा खपलीची पीसीआर, पुढे रक्ताची एलायझा, त्यात कळतो.

गवतातला बारीक किडा चावलेला समजत नाही. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. काखेत, जांघेत, स्तनाखाली. लाजेनं आम्ही ती झाकतो! सगळ्यांना खपली येतेच असं नाही, म्हणून गवतात गेलो होतो, हेही डॉक्टरांना सांगायचं. वेळेत डॉक्सीसायक्लिन मिळालं तर ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो.