त्यांची जीभ आता तुम्ही



पक्षाघात झालेले आजोबा नाशिकच्या दवाखान्यातून कळवणला घरी येतात. गिळता येत नाही, म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी घातलेली असते. दवाखान्यात नर्स होत्या. इथे सून आहे, नातू आहे. आजची चार शब्दांची शिदोरी त्यांच्यासाठी.

दूध नासलं असेल तर आपली जीभ पहिल्या घोटालाच सांगते. नळी जिभेला टाळून थेट पोटात उतरते. आजोबांना कळतही नाही आणि सांगताही येत नाही. म्हणून त्यांच्या जिभेचं काम तुमचं. नागलीची पेज असो की वरणाचं पाणी, वेगळ्या चमच्याने आधी स्वतः चाखा.

त्याआधी साबणाने हात धुवा. गाळणी आणि भांडं स्वच्छ हवं. सिरिंज प्रत्येक वेळी धुऊन, कोरडी करून झाकून ठेवा. आहार एका वेळेपुरताच करा. वैशाखात पेज लवकर आंबते. दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेली टाकून द्या. जीव हळहळतो, पण ती जुलाबाला आमंत्रण देते.

दुसरी जपायची जागा फुप्फुसं. आडवं झोपवून आहार दिला, तर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. पाठीला उशा लावून डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवा. आहारानंतरही अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या.

तोंडाने खात नाहीत, मग दात कशाला घासायचे, असं वाटतं. उलट, न खाणाऱ्या तोंडात जंतू जास्त साचतात आणि लाळेबरोबर फुप्फुसात जातात. दिवसातून दोनदा दात, हिरड्या, जीभ पुसा.

आहाराच्या आधी आणि नंतर उकळून गार केलेलं पाणी, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, नळीतून सोडा. नाकाशी नळीवर जी खूण आहे, ती प्रत्येक आहाराआधी पाहा. खूण सरकली तर आहार थांबवा. नळी निघाली तर घरी घालू नका. कळवणचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. ताप किंवा खोकला आला, धाप लागली, तरीही उशीर नको.

सप्तशृंगी गडावरच्या आईसाठी नैवेद्य रांधताना आपण हात किती जपतो! नैवेद्य चाखत नाही, एवढाच फरक. हा घास चाखूनच द्या. सोवळं मात्र तेच ठेवा.