नाव वेगळं, माणूस एकच : वाडवडिलांच्या नोंदी कशा शोधाव्यात



आज पिकाविषयी बोलणार नाही, खताविषयीही नाही. ज्या कागदांवर आपली जमीन उभी आहे, त्या कागदांतल्या नावांविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पणजोबांचं नाव एका कागदावर राघू, दुसऱ्यावर रघुनाथ आणि तिसऱ्यावर राघोबा. हे तिघे एकच, की तिघे वेगळे? प्रश्न साधा वाटतो. पण वारसनोंद लावताना, वाटणी करताना किंवा मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी पुरावा देताना काम नेमकं इथंच अडतं. आणि इथं चूक झाली, तर एखाद्या भावाची अख्खी शाखा सातबाऱ्याबाहेर राहते. नाहीतर परक्याचं नाव आपल्या वंशावळीत येऊन बसतं.

तेव्हा मुख्य गोष्ट आधीच सांगतो. नुसत्या नावावर माणूस ओळखू नका. बापाचं नाव, भावांची नावं, जमिनीचा नंबर आणि साल, या चार खुणा पाहा. त्या जुळल्या, तर नाव थोडं वेगळं असलं तरी माणूस बहुधा एकच असतो. त्या जुळल्या नाहीत, तर नाव तंतोतंत सारखं असूनही माणूस वेगळा असू शकतो.

नावं का बदलतात?

पहिलं कारण लिहिणाऱ्याचं. आपल्या वाडवडिलांनी स्वतःचं नाव स्वतः क्वचितच लिहिलं. त्यांनी तोंडानं सांगितलं आणि कुलकर्ण्यांनी, तलाठ्यांनी किंवा शाळेच्या गुरुजींनी लिहून घेतलं. घरात हाक 'नामा'. एकानं 'नामा'च लिहिलं, दुसऱ्यानं 'नामदेव' केलं. तसंच ग्यानू, ज्ञानू, ज्ञानोबा, ज्ञानदेव. इठू, विठू, विठोबा, विठ्ठल. किस्ना, किसन, कृष्णा. म्हादू, महादू, महादेव.

दुसरं कारण लिपीचं. साधारण १९५० सालापर्यंत पुष्कळ ठिकाणी दप्तर मोडीत लिहिलं जाई. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्दही सुटे लिहीत नाहीत. मराठवाड्यात १९४८ सालापर्यंत निजामाची राजवट होती, तिथलं पुष्कळसं दप्तर उर्दूत आहे. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे एकच नाव दोन वाचणारे दोन तऱ्हांनी वाचतात.

तिसरं कारण रूढीचं. मुलं जगत नसली, की पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू, भिका असं नाव ठेवीत. पुढं शाळेत घालताना तेच पोर कधी दत्तात्रय होई, तर कधी भीमराव.

चौथं कारण आडनावाचं. जुन्या कागदांत पुष्कळदा आडनाव नसतंच, नुसतं 'राघू बिन भिका' एवढंच असतं. पुढं कोणी गावावरून आडनाव लावलं, कोणी वतनावरून. एका भावाची मुलं 'पाटील' लावतात, दुसऱ्याची मूळ आडनाव लावतात. तेव्हा आडनाव जुळत नाही म्हणून कागद बाजूला टाकू नका.

पाचवं कारण दत्तकाचं. दत्तक गेलेल्या मुलाच्या बापाचं नाव बदलतं. जन्माच्या नोंदीत एक बाप, जमिनीच्या नोंदीत दुसरा. अशा वेळी दत्तकपत्र किंवा त्याचा फेरफार शोधल्याशिवाय गुंता सुटत नाही.

बायामाणसांची नावं

इथं जास्त सावध राहायला हवं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलण्याची चाल आहे. माहेरची भागीरथी सासरी जानकी होते. माहेरच्या कागदावर बापाचं नाव, सासरच्या कागदावर नवऱ्याचं. मग माहेरच्या वारसनोंदीत भागीरथी दिसते आणि जानकीची मुलं म्हणतात, आमच्या आईचं नाव नाहीच.

शिवाय जुन्या वारसनोंदींत पुष्कळदा फक्त मुलगेच लिहिले गेले. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला आणि मुलीलाही बापाची वारस मानलं गेलं. २००५ सालच्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तेव्हा वंशावळ लिहिताना आत्या, आजीच्या नणंदा, सगळ्या लिहा. प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि दिलेलं गाव, तिन्ही लिहा.

कागदावरचे खुणेचे शब्द

जुना कागद हातात आला की काही शब्द ओळखता आले पाहिजेत. 'बिन' किंवा 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' किंवा 'भ्रतार' म्हणजे पुढं नवऱ्याचं नाव आहे. 'मयत' म्हणजे वारलेला. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात खातेदार लहान आहे आणि त्याच्या वतीनं वडीलधारं माणूस पाहतं.

सर्वांत महत्त्वाचा शेरा 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हा शेरा असेल तर ती नोंद एकट्या थोरल्या भावाची समजू नका. जमीन घराची, नाव कर्त्याचं. धाकट्या भावांची नावं तिथं दिसणार नाहीत, ती दुसऱ्या कागदांतून शोधावी लागतील.

सालाचंही तसंच. शके दिला असेल तर ७८ मिळवा; शके १८५० म्हणजे इसवी १९२८-२९. निजामी कागदावर फसली साल असेल तर ५९० मिळवा. फसली १३४० म्हणजे इसवी १९३०-३१.

शोध कसा घ्यावा?

नेहमी आपल्यापासून मागं जा. पणजोबापासून पुढं येऊ नका. एक पिढी पक्की झाली की मगच पुढची पायरी.

आधी चालू सातबारा घ्या. त्यावर फेरफार क्रमांक असतात. त्या क्रमांकांचे उतारे गाव नमुना ६ मधून काढा. वारसाच्या फेरफारात कोण मयत झाला, केव्हा झाला आणि मागं कोण वारस आहेत, हे लिहिलेलं असतं. बाप आणि मुलगे एकाच कागदावर सापडतात, म्हणून हा फेरफार मोलाचा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यानं सुरू झाली, त्यामुळे तिथला धागा पुष्कळ मागं नेता येतो. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक पाहावं, विदर्भात अधिकार अभिलेख पाहावा.

जमिनीचा नंबर मधेच तुटलेला वाटला तर घाबरू नका. १९४७ च्या कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून बसतो. तो भूमी अभिलेख कचेरीत मिळतो.

मृत्यूची तारीख हवी असेल तर तहसील कचेरीत गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुक, पाहा. अलीकडच्या नोंदी ग्रामपंचायतीत मिळतात. शाळेच्या जुन्या रजिस्टरात मुलाचं नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख असते. तीर्थाच्या ठिकाणीही पाहा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत पिढ्यांची नामावळ असते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत हेळवी येतात, त्यांच्याकडेही घराण्याची वंशावळ असते. सरकारी पुरावा म्हणून याचा उपयोग बेताचा, पण कोणता कागद कुठं शोधायचा याचा माग यातून लागतो.

एक उदाहरण

समजा, १९१५ च्या नोंदीत सर्व्हे नंबर ४२ वर 'राघू बिन भिका' आहे. १९३८ च्या फेरफारात 'रघुनाथ भिकाजी मयत, वारस मुलगे दगडू व नामा' असं लिहिलं आहे. नंबर तोच, बाप तोच, आणि मधल्या काळात खरेदी-विक्रीचा फेरफार नाही. म्हणजे राघू आणि रघुनाथ एकच. १९३८ च्या सुमारास राघूच्या मृत्यूची कोतवाल बुकात नोंद सापडली, तर गाठ आणखी पक्की.

आता उलट बाजू पाहा. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. १९५२ च्या कागदावर 'दगडू' आहे आणि १९८१ च्या कागदावरही 'दगडू' आहे. नाव अगदी सारखं. पण पहिल्याचा बाप राघू, दुसऱ्याचा बाप नामा. हा चुलता, तो पुतण्या. इथं दोघांना एक धरलं, तर थोरल्या दगडूच्या मुलांचा हिस्सा गेला. म्हणून नाव जुळलं तरी बाप पाहा, आणि बाप जुळला तरी साल पाहा.

सापडल्यावर काय करावं?

जुन्या कागदावर जे नाव जसं आहे तसंच उतरवून घ्या. स्वतः सुधारू नका, खाडाखोड तर मुळीच नको. त्यानं पुरावा बिघडतो, आणि सरकारी दप्तरात फेरबदल करणं हा गुन्हा आहे. वहीत तीन रकाने पाडा : नाव, कोणत्या कागदावर, कोणत्या साली. मोडी किंवा उर्दू कागद जाणकाराकडून वाचून घ्या. नाव त्याला आधी सांगू नका; काय दिसतं ते त्याला वाचू द्या. आधी सांगितलं की डोळ्याला तेच दिसू लागतं.

घरात कोणी वारलं तर वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यांकडे द्यावी. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. वर्दीत मयताची सगळी प्रचलित नावं 'उर्फ' लावून लिहा आणि त्याचे कागद सोबत जोडा. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र उपयोगी पडतं, पण ते कागदांचा आधार असेल तरच.

फेरफाराची नोटीस आली तर ती वाचल्याशिवाय ठेवून देऊ नका. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. नुसती लेखनाची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती मागता येते. पण वारस कोण आणि हिस्सा कुणाचा, असा वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयात जातो. तिथं तुमची ही वहीच वकिलाच्या कामाला येईल.

शेवटचं सांगणं. कचेरीतलं दप्तर पुढच्या महिन्यातही पाहता येईल. पण राघोबा आणि रघुनाथ एकच, हे ज्या आजीला माहीत आहे, तिला आजच विचारलं पाहिजे. पितृपंधरवड्यात भाऊबंद एकत्र येतात, तीन पिढ्यांची नावं घेतली जातात. त्या दिवशी पान वाढायच्या आधी वही काढा. कुणाला काय हाक मारीत, कुणाला कुठं दिलं, कोण दत्तक गेलं, सगळं लिहून घ्या आणि जमलेल्या जाणत्यांच्या सह्या-अंगठे घ्या. भावकीतल्या प्रत्येक घरी एकेक प्रत द्या. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे, त्यांच्याही घरी द्या. वंशावळ सगळ्यांसमोर लिहिली, की पुढं कोर्टाची पायरी चढण्याची वेळ पुष्कळदा येतच नाही.