कलापथक म्हणजे सभेची घंटा नव्हे

(हिंगणा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



इथल्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर जमून स्वतःची गाणी बांधणारी मुले आपल्यात आहेत. लहानपणापासूनचे मित्र. त्यांच्या गाण्यात दंडारीची ढोलकी आहे, तुकडोजी महाराजांच्या भजनातली खंजिरी आहे, भीमगीताचा कव्वालीचा ठेका आहे आणि जोडीला गिटारही. हे नेमके कोणत्या प्रकारात बसते, असे आपल्यातील काही जण विचारतात.

हाच प्रश्न लाल बावटा कलापथकालाही विचारता आला असता. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ते १९४४ साली मुंबईत उभे केले. अण्णा भाऊ वाटेगावच्या मातंग कुटुंबातले, तमाशाचा फड जवळून पाहिलेले. अमर शेख बार्शीचे, मूळचे मेहबूब पटेल, आवाज पहाडी. राजांचे गुणगान करणारा पोवाडा अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडच्या लढवय्यांसाठी रचला. तमाशातील गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन आले, गवळण गळाली, वगात सावकार उभा राहिला. त्या तमाशावर सरकारी बंदी आली तेव्हा ‘लोकनाट्य’ हे नाव पुढे झाले. ‘माझी मैना’ ही विरहाची छक्कड. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात श्रोत्यांना त्या मैनेत बेळगाव, कारवार, निपाणी दिसू लागले. विरहाचे गाणे सीमाप्रश्नाचे गाणे झाले, आणि तरीही ते विरहाचेच राहिले. याहून मोठी मिसळण मला ठाऊक नाही.

अशी मिसळण ठराव करून होत नसते. ‘तुझी ही ओळ लंगडी आहे’ असे तोंडावर सांगणारा आणि ते ऐकून घेणारा, असे दोघे लागतात. आपल्या समित्यांत अशी माणसे किती, हा प्रश्न आज सोडून देऊ. पुढे अमर शेखांनी स्वतःचे कलापथक चालवले, वाटा निराळ्या झाल्या. पण १९६९ मध्ये १८ जुलैला अण्णा भाऊ आणि २९ ऑगस्टला अमर शेख गेले, तेव्हा चळवळीचा एकच आवाज दोनदा हरपला.

आणि आपण काय करतो? वक्ता उशिरा येणार म्हणून पोरांना गायला लावतो. गाडीचा दिवा दिसला की अंतऱ्यातच हात वर करतो. लोक गाण्यासाठी आलेले असतात, हे आपल्याला कळते; म्हणून तर आधी गाणे ठेवतो. मग त्यांना मान का नाही?

माझे मागणे थोडे आहे. युनियनच्या कचेरीची खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी या मुलांना मोकळी द्या. त्यांचे शब्द आधी तपासायला मागू नका. कडवट लिहितील, आपल्याबद्दलही लिहितील, लिहू द्या. येत्या १ मे रोजी भाषणे आधी उरका आणि पुढचा पाऊण तास त्यांचा ठेवा. प्रवासखर्चाची तरतूद खजिनदारांनी आजच करावी. ते समोरच बसले आहेत.