गाडीचे ॲव्हरेज आपल्या हाती



बागायतीच्या उत्पन्नातून अनेकांच्या दारी आता एसयूव्ही आली आहे. मात्र ‘कंपनीने सांगितलेले ॲव्हरेज मिळत नाही’, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक वेगाने गाडी चालवून काढलेला असतो. त्यात आपला घाट, खड्डे व भाजीचे क्रेट नसतात.

प्रथम स्वतः मोजा. टाकी पूर्ण भरून किलोमीटर लिहून ठेवा. पुन्हा पूर्ण भरताना ४८० कि.मी.ला ३२ लिटर लागले, तर ॲव्हरेज १५.

वेग ८० वरून १०० केल्यास हवेचा अवरोध दीडपटीहून अधिक होतो. टपावरील रिकामे कॅरिअर काढून ठेवावे. टायरमधील हवा टायर थंड असतानाच तपासावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनपुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यास इंधन लागतेच. शिवाय सारा भार ब्रेकवर येऊन ते तापतात व निकामी होऊ शकतात. तेव्हा घाट खालच्या गिअरमध्येच उतरा. त्यात डिझेलही वाचते आणि घरची माणसेही सुखरूप पोहोचतात.