‘कोण चुकले?’ याच्या पुढचा प्रश्न

(परभणी येथे डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेविका यांच्या एकत्रित अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



विषयाचा आरंभ मी एका घटनेने करतो. दिनांक ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी नावाचे गाव आहे. तेथे पाच वर्षांखालील बारा बालकांच्या तोंडात पोलिओच्या लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पडले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. ईश्वरकृपेने सारी सुखरूप बचावली. तिघांवर निलंबनाची कारवाई जाहीर झाली आणि बातमी संपली.

हे गाव आपल्याला परके नाही. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती आणि पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागत असे. बातमी वाचून माझ्याही तोंडून तेच उद्गार निघाले, जे आपणा सर्वांच्या निघाले असतील : ‘एवढेही कळू नये?’ रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मला स्वतःच्याच प्रश्नाची लाज वाटली. का, ते पुढे सांगतो.

तो जानेवारी आठवून पाहा. पोलिओ मोहीम मुळात १७ तारखेला ठरली होती. १६ तारखेला कोरोना लसीकरणाचा प्रारंभ झाल्यामुळे ती पुढे गेली. दोन्ही कामांचा भार त्याच यंत्रणेवर होता. दहा महिन्यांपासून सॅनिटायझरची बाटली आपल्या हाताला इतकी सवयीची झाली होती की ती उचलताना कोणी विचार करीत नसे. लसीच्या बूथवरही तिला स्थान मिळाले होते. एक द्रव तोंडात द्यावयाचा आणि दुसरा हाताला लावावयाचा. त्या दोहोंमध्ये केवळ एका थकलेल्या माणसाचे लक्ष, एवढेच काय ते अंतर उरले.

आता त्याच पोलिओच्या कुपीकडे पाहा. तिच्या लेबलवर एक वर्तुळ असते आणि त्यात एक चौकोन. लसीला उष्णता लागत गेली की चौकोन काळवंडतो. वर्तुळाच्या रंगाइतका गडद झाला की कुपी बाद. सभागृहातील प्रत्येक आरोग्यसेविकेला हे पाठ आहे. १९९६ पासून पोलिओ लसीवर आलेल्या या खुणेचे मर्म काय? कोणीतरी मान्य केले की उन्हातान्हात फिरणाऱ्या माणसाकडून शीतसाखळी कधीतरी तुटणारच. म्हणून नुसती ताकीद देण्यावर न थांबता कुपीलाच बोलते केले. उष्णतेची चूक आपण अशी पकडली. बाटलीच्या अदलाबदलीची चूक मात्र आपण माणसाच्या डोळ्यांवर सोपवून दिली होती.

जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने मानवी चुकांच्या अभ्यासाला आयुष्य दिले. १९७० च्या दशकाच्या आरंभी एकदा ते चहा करीत होते आणि मांजर खाण्यासाठी ओरडत होते. चमच्यातील मांजराचे खाणे त्यांनी सरळ चहाच्या किटलीत टाकले! येथून त्यांच्या संशोधनाला दिशा मिळाली. त्यांच्या ध्यानात आले की अशी चूक नवख्याकडून होते त्याहून सराईत हाताकडून अधिक होते, कारण सराईत हात मनाला विचारीत नाही. पुढे त्यांनी भोके असलेल्या चीजच्या चकत्यांचे चित्र मांडले. आपण एकामागे एक धरलेल्या चाळण्या म्हणू. प्रत्येक चाळणी म्हणजे एक सुरक्षा : औषधाची खरेदी, साठवण, लेबल, केसपेपर, परिचारिकेची नजर. प्रत्येकीला छिद्रे आहेत. ज्या दिवशी सर्व छिद्रे एका रेषेत येतात, त्या दिवशी रुग्णाला इजा होते. आपण पकडतो शेवटची चाळणी, कारण तिला चेहरा असतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाही तर माझ्या बोलण्याचा विपर्यास होईल. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने शेवटच्या चाळणीशी न थांबता पुरवठादार, औषध प्रशासन, रुग्णालयाची खरेदी आणि थेट मंत्रालय येथपर्यंत माग काढला. तेथे जे सापडले ते चुकीच्या सदरात बसत नाही. तो भ्रष्टाचार होता. त्याला शिक्षा हवीच. मद्यपान करून शस्त्रक्रियेला उभे राहणाऱ्यालाही हवी. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात हीच रेषा आखली : साधी चूक किंवा निर्णयातील प्रमाद वेगळा आणि फौजदारी गुन्हा ठरणारा घोर निष्काळजीपणा वेगळा. कापसी-कोपरीची चूक पहिल्या जातीची, असे माझे मत आहे. तिघे घरी बसले; पण पुढच्या मोहिमेत सॅनिटायझर आणि लस यांच्या जागा वेगळ्या कोणी केल्या, हा प्रश्न बातमीत कोठेच नव्हता.

रेल्वेने हे आपल्या कितीतरी आधी ओळखले. पूर्णा हे आपल्या जिल्ह्यातील मोठे जंक्शन. तेथे नोकरी केलेल्या कोणत्याही स्टेशन मास्तरांना विचारा. पुढच्या स्थानकाकडून गाडीसाठी ‘लाइन क्लिअर’ घेताना नुसते ‘हो’ चालत नाही. पलीकडचा एक खासगी क्रमांक सांगतो आणि तो नोंदवहीत लिहावा लागतो. इंजिनात चालक आणि त्याचा सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. दोघांनाही तो दिसत असतो, तरीही! अपघात झाला तर चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत, जेणेकरून ज्याची चूक त्याच्याच हाती चौकशी राहू नये. रेल्वेतही निलंबने होतात, मी भाबडा नाही. पण निलंबनानंतर नियमही बदलतो.

आमच्याकडे रात्री दोन वाजता डॉक्टर फोनवर ‘फिफ्टीन’ म्हणतात, सिस्टरला ‘फिफ्टी’ ऐकू येते आणि तो आकडा उलट म्हणून दाखविण्याची पद्धत नाही. म्हणून दाखविलाच तर डॉक्टरांना अपमान वाटतो! इन्सुलिनचे पाहा. आपल्या देशात ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन्ही बाटल्या मिळतात. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी नारिंगी. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली तर रुग्णाला अडीचपट इन्सुलिन जाते. गंगाखेड-पालमकडच्या वाडी-वस्तीवर, नातवाकडून सुई टोचून घेणाऱ्या आजीला हे कोणी सांगितले आहे काय?

उपायही दूरचा नाही. उमरखेडच्या बाजूच्या उटी गावातून आत्माराम गावंडे अमेरिकेत जाऊन शल्यविशारद झाले. त्यांचे चिरंजीव डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची तपासयादी केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी असे तीनदा थांबावयाचे आणि मोठ्याने विचारावयाचे : रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, कापडाचे बोळे मोजले ना? नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत प्रयोग झाला. २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर आली. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. यादीतील मला सर्वांत भावलेला मुद्दा वरवर क्षुल्लक आहे : छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे. ज्याने एकदा तोंड उघडले आहे, तो पुढे ‘साहेब, थांबा’ म्हणू शकतो.

आता माझ्या लाजेविषयी. अनेक वर्षांपूर्वी मी एका ग्रामीण रुग्णालयात होतो. एका रात्री सिस्टरांनी प्रतिजैविकाची पूड विरघळविण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर म्हणून पोटॅशियम क्लोराईडची अँप्यूल फोडली. दोन्ही सारख्याच आकाराच्या, पारदर्शक, एकाच ट्रेमध्ये. शिरेत झपाट्याने गेलेले पोटॅशियम हृदय थांबविते, हे आपणास सांगावयास नको. सुई टोचण्याआधी त्यांचे त्यांनाच लक्षात आले. त्यांनी ते फेकले आणि सकाळी स्वतःहून मला येऊन सांगितले. मी काय केले? साऱ्या वॉर्डासमोर त्यांना फैलावर घेतले आणि लेखी खुलासा मागितला. ट्रेकडे पाहिलेही नाही. त्यानंतर त्या वॉर्डातून माझ्या कानी एकही चूक आली नाही. मी त्याला शिस्त समजत होतो. चुका होतच राहिल्या असणार. सांगणे तेवढे थांबले होते.

त्या सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. चहा घेताना त्यांनी मला वॉर्डातील कपाटापाशी नेले. खालच्या कप्प्यात पत्र्याचा एक लाल डबा होता, त्यावर चिकटपट्टी लावून त्यांच्या अक्षरात ‘पोटॅशियम’ लिहिलेले. त्या रात्रीनंतरच्या बाजारच्या दिवशी त्यांनी तो पदरच्या पैशाने आणला होता. ‘तुम्हाला सांगणार होते सर,’ त्या म्हणाल्या, ‘पण तुम्ही खुलासा मागितला होता, डबा नाही.’