सावलीचा व्यापारी

चैत्र-वैशाखांत शहरांतील कितीतरी गच्च्यांवर हिरव्या जाळ्या ताणलेल्या दिसतात. अशी जाळी दोन वर्षांत विरली, तर कुंडींतलीं चार रोपें करपतात आणि घरांत थोडी चिडचिड होते, एवढेंच. बुलढाणा जिल्ह्यांत देऊळगाव राजाकडील शेतकरी तीच जाळी लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर ताणतो, तेव्हां तिच्याखालीं भाजीपाल्याच्या बियाण्याचें पीक असतें आणि पुष्कळदां डोक्यावर कर्ज असतें. अशा शेडनेटगृहांचा व्यापार करणाऱ्या वितरकाकडून कोणती अपेक्षा ठेवावी, हा आजचा विषय आहे.

मुख्य अडचण अशी कीं, या मालाचा खरा गुण डोळ्यांना दिसत नाहीं. लुगडें घेतांना गृहिणी पोत चोळून पाहते. येथें तो उपाय चालत नाहीं. पॉलिएथिलीनचा धागा उन्हानें ठिसूळ होतो. तो टिकावा म्हणून त्यांत अतिनील किरणांना तोंड देणारें द्रव्य मिसळतात. तें पुरेसें मिसळलें आहे कीं नाहीं, हें नवी जाळी नुसती हातीं घेऊन सांगतां येत नाहीं. दुसऱ्या उन्हाळ्यांत तें कळतें, आणि तोंपर्यंत पैशांचा व्यवहार केव्हांच मिटलेला असतो. म्हणजे गिऱ्हाइकाजवळ वितरकाचा शब्द तेवढा उरतो. भारतीय मानक ब्यूरोनें शेतीच्या जाळ्यांसाठीं १६००८ क्रमांकाचें मानक ठरविलें आहे. माल त्याप्रमाणें आहे असें पावतीवर लिहून देण्यास जो कां कूं करितो, त्याच्या स्वस्ताईचें कारण निराळें शोधावयास नको.

टक्क्यांचाही घोटाळा आहे. ३५, ५०, ७५, ९० हे आंकडे ऐकून नवख्या माणसास वाटतें, आंकडा मोठा तितका माल उत्तम. वस्तुतः ५० टक्के म्हणजे सुमारें निम्मा प्रकाश अडणें. ढोबळ्या मिरचीस ३५ ते ५० टक्के पुरतात, अँथुरियमसारख्या फुलझाडास ७५ लागतात. मिरचीवर ७५ टक्क्यांची जाळी घातली, तर रोपें उंच पण लेचींपेचीं होतात व फळ कमी धरतें. दुकानांत नेमके ७५ चेच गठ्ठे पडून असतां, “ही आपल्या कामाची नव्हे” असें सांगणें वितरकाच्या जिवावर येतें; परंतु त्याची परीक्षा तेथेंच होते.

सांगाड्याविषयीं गप्प बसणें तर अपराधच. जाळींतून वारा वाहतो म्हणून ती निर्धोक, ही समजूत चुकीची आहे. जोराचा वारा तिला शिडाप्रमाणें ढकलतो व वर उचलतोही. तेव्हां सांगाडा धरून ठेवण्याचें काम पायाचें असतें. काळी जमीन पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. तींत उथळ खड्डे घेऊन वांचविलेले चार पैसे वळवाच्या एका वादळांत जातात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें महाराष्ट्रांत झाली तशी गारपीट आली, तर जाळीवर सांचलेल्या गारांचें ओझेंही सांगाड्यास पेलावें लागतें. जमीन न पाहतां दर सांगणारा वितरक हें सारें गिऱ्हाइकाच्या नशिबावर सोडतो.

हमीपत्राची कथा याहून थोडी, पण कडू. तें बहुधा इंग्रजींत, बारीक अक्षरांत असतें. गंधकयुक्त औषधांनीं जाळींतील तें रक्षक द्रव्य निकामी होऊं शकतें, आणि अशी फवारणी झाली असल्यास हमी लागू नाहीं, असें त्यांत लिहिलेलें असूं शकतें. शेतकरी भुरीवर गंधक मारतो. त्याला हें कोणी सांगितलेलें नसतें. तेव्हां पैसे घेण्यापूर्वीं तें कलम मराठींत वाचून दाखविणें, आणि जाळी फाटल्याचा निरोप येतांच शिवणारा माणूस धाडणें, हीं दोन्ही कामें वितरकाचींच आहेत.