‘धरतो’ किती तुकड्यांत म्हणायचं?



नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारा माळेगाव बुद्रुकचा शेतकरी सांगतो, ‘लाईट रात्रीची, म्हणून मी रात्रीच दारं धरतो.’ यातलं ‘धरतो’ लिहायला तीन अक्षरी, पण कानावर दोनच तुकडे पडतात: धर्-तो. ‘र’मधला ‘अ’ आपण गिळतो. ‘उठतो’ही तसंच, उठ्-तो. पण पोराला ‘उठवतो’ म्हटलं की होतं उ-ठव्-तो. ‘ठ’ला त्याचा ‘अ’ परत मिळतो आणि ‘व’चा जातो. ही फोड आपल्याला कुणी शिकवलेली नसते.

इटालियन शिकणाऱ्याला मात्र क्रियापद फोडून जोर कुठे द्यायचा हे घोकावं लागतं. ‘कापितानो’ म्हणताना ‘का’वर जोर दिला तर अर्थ ‘घडतात’, ‘ता’वर दिला तर ‘कप्तान’, ‘नो’वर दिला तर ‘त्यानं नेतृत्व केलं’. लिहिताना खूण करतात ती फक्त शेवटच्या जोराची. मराठीत जोर चुकला तर लोक फार तर ‘कुठल्या गावचे?’ म्हणून विचारतील. आपला सगळा हिशेब लघु-गुरूचा, म्हणजे अक्षराला एक मात्रा की दोन याचा.

आणि या हिशेबातला पक्का माणूस आपल्या शेजारी बारामतीत राहून गेला. कवी मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले, बाबूजी नाईकांच्या आश्रयानं कऱ्हेकाठी स्थिरावले आणि १७९४ साली वारले. त्यांची आर्या, शास्त्रानं म्हणायचं तर गीती, म्हणजे प्रत्येक अर्ध्यात १२ आणि १८ मिळून ३० मात्रा. आता ‘करतो’ मोजा. लिहिल्याप्रमाणे क-र-तो: एक, एक, दोन; झाल्या चार. बोलल्याप्रमाणे कर्-तो: दोन आणि दोन, तरीही चारच! बोलीच्या लयीत म्हटलं तरी आर्या मोडत नाही. कीर्तनकारांच्या तोंडी ती रुळली, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. त्यांची ‘केकावलि’ मात्र पृथ्वी वृत्तातली. ओळीला मोजून १७ अक्षरं, लघु-गुरूच्या जागा ठरलेल्या. तिथं एक ‘अ’ गिळलात की अक्षरं सोळा आणि चाल लंगडी.

पहिलीतलं मूल ‘क-र-तो’ असं सुटं वाचतं, तेव्हा त्याच्यावर डाफरू नका. आधी तसं वाचू द्या, मग ‘आता बोलतोस तसं म्हण’ एवढंच सांगा. आणि मोठ्या वर्गातल्या मुलांकडून बोटांवर मात्रा मोजत एखादी आर्या मोठ्यानं म्हणून घ्या. निदान बारामती तालुक्यातल्या शाळांनी तरी एवढं करावंच.